वस्तुशोधाचे खेळ : एका खेळाडूचे मत

नागपूरच्या मे महिन्यातली दुपार कशी घालवावी, हा प्रश्न आमच्या शहरात राहणाऱ्या प्रत्येकाला दरवर्षी नव्याने पडतो. पारा पंचेचाळिसाच्या आसपास रेंगाळत असतो, रस्त्यावर चिटपाखरू नसते, कूलरची घरघर चालू असते आणि टेबलावर तपासायच्या उत्तरपत्रिकांचा गठ्ठा पडलेला असतो. अशा दुपारी मी जे करतो ते माझ्या वयाच्या प्राध्यापकाने चारचौघांत कबूल करावे असे नाही. मी गठ्ठा बाजूला सारतो आणि संगणकावर हरवलेल्या वस्तू शोधत बसतो.

कसल्या वस्तू म्हणाल, तर कसल्याही. पडद्यावर एक चित्र येते. समजा, एखाद्या जुन्या हवेलीतील अडगळीची खोली. फळ्यांवर, खुर्च्यांखाली, पडद्याच्या चुण्यांत शेकडो वस्तू दाटीवाटीने कोंबलेल्या असतात. चित्राच्या तळाशी दहा-पंधरा नावांची यादी असते : किटली, पीस, किल्ली, घोड्याचा नाल. यादीतील वस्तू चित्रात हुडकून तिच्यावर बोट ठेवायचे, की तिचे नाव खोडले जाते. सगळी यादी खोडली, की त्यातली एखादी वस्तू तुमच्या झोळीत पडते आणि दुसऱ्याच खोलीतले एखादे कुलूप तिने उघडते. अधूनमधून दातेरी चाके जुळवणे, फरश्या सरकवून चित्र पुरे करणे अशी कोडी येतात. या सर्वांना बांधणारी एक कथा असते. कोणीतरी नाहीसे झालेले असते, कोणीतरी त्याच्या शोधात त्या हवेलीत येते, आणि बाहेर बहुधा पाऊस पडत असतो. इंग्रजीत यांना ‘हिडन ऑब्जेक्ट’ खेळ म्हणतात. यात गोळीबार नाही, शर्यत नाही, मनगटाची चपळाई नाही. फावल्या वेळी, चहाचा कप हाताशी ठेवून खेळायचे हे खेळ. म्हणूनच ते तरण्या पोरांपेक्षा माझ्यासारख्यांना आणि माझ्याहून वडील मंडळींना अधिक मानवतात.

या खेळांचे मूळ कागदावर आहे. मार्टिन हँडफर्ड या इंग्रज चित्रकाराचे ‘व्हेअर्ज वॉली?’ हे पुस्तक १९८७ साली निघाले. लाल-पांढऱ्या पट्ट्यांचा सदरा घातलेला एक चष्मेवाला गर्दीत कुठेतरी उभा असतो, तो शोधायचा. पुढे १९९२ साली अमेरिकेत ‘आय स्पाय’ ही मालिका सुरू झाली. वॉल्टर विकची छायाचित्रे आणि जीन मार्झोलोची यमके, आणि त्या यमकांतच शोधायच्या वस्तूंची नावे. दुसरीकडे १९९३ साली रँड आणि रॉबिन मिलर या भावांचा ‘मिस्ट’ हा संगणकावरचा खेळ आला. एका निर्जन बेटावर तुम्ही एकटे, आणि तिथली यंत्रे काय सांगतात हे तुम्हीच उलगडायचे. हे दोन प्रवाह सिअॅटल येथील ‘बिग फिश’ या कंपनीच्या खेळांत एकत्र आले. त्यांचा ‘मिस्टरी केस फाइल्स : हंट्सव्हिल’ २००५ मध्ये निघाला आणि त्याच मालिकेतला ‘रेव्हनहर्स्ट’ पुढच्याच वर्षी. त्यानंतर या प्रकाराची जी लाट आली ती अजून ओसरलेली नाही. मी या लाटेत थोडा उशिराच सापडलो, पण सापडलो तो पुरता.

आता शोधणे म्हणजे डोळा नेमके काय करतो, हे जरा पाहू. आमच्या कळमन्याच्या बाजारात हिरव्या पालकाच्या ढिगावर कोणी एक संत्रे टाकले, तर ते शोधावे लागत नाही. ते आपण होऊन डोळ्यांत भरते. ढीग लहान असो की मोठा, वेळ तेवढाच लागतो. पण तेच संत्रे मोसंब्यांत आणि अर्धवट पिकलेल्या लिंबांत मिसळले, आणि त्यांतली काही संत्र्याच्याच रंगाची, तर काही संत्र्याच्याच आकाराची असली, की पंचाईत होते. आता रंगही पाहायचा आणि आकारही पाहायचा. मग डोळ्याला एकेक फळ निरखत पुढे सरकावे लागते, आणि ढीग जितका मोठा तितका वेळ अधिक. अ‍ॅन ट्रीझमन या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९८० साली गॅरी गेलेड यांच्या जोडीने हा भेद मांडला. एकाच गुणावरून ओळखू येणारी वस्तू चटकन उठून दिसते. दोन गुणांची सांगड घालून ओळखायची असेल तर लक्ष जागोजागी न्यावे लागते. वस्तुशोधाचा खेळ रचणारा चित्रकार हीच गोष्ट उलटी करून वापरतो. तपकिरी व्हायोलिन तो तपकिरी लाकडी पाठीवर टेकवतो, पांढरे पीस हिमाच्या पांढऱ्यावर ठेवतो. वस्तूचा एक गुण तो पार्श्वभूमीला देऊन टाकतो.

परंतु डोळ्याचे हे शास्त्र एवढ्यावर संपत नाही, हे मला कोणा पंडिताने शिकवले नाही. माझ्या आईने शिकवले.

गेल्या दोन-तीन उन्हाळ्यांतली गोष्ट. आईच्या दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली होती, आणि नव्या डोळ्यांनी ती घरातले सगळे नव्याने पाहात होती. एका दुपारी ती माझ्या मागे येऊन उभी राहिली आणि म्हणाली, “काय शोधून राहिला रे बाप्पा, एवढे डोळे फोडून?” मी खेळ समजावून सांगितला. ती खुर्ची ओढून बसली. अडचण एकच होती : यादी इंग्रजीत, आणि आईला इंग्रजी वाचता येत नाही. तेव्हा मी वाचून मराठीत सांगायचे आणि तिने शोधायचे, असे ठरले. किल्ली, कात्री, पंखा, हे सगळे सुरळीत झाले. मग एक शब्द आला, शिंप्याच्या बोटातल्या त्या धातूच्या टोपीचा. इंग्रजी शब्द मला येत होता, मराठी येत नव्हता. (मी मराठीचाच एम. ए. आहे, हे इथे सांगितलेले बरे.) मी म्हणालो, “आई, ते असते बघ, शिवताना सुई टोचू नये म्हणून बोटात घालतात, टोपीसारखे.” ती पडद्यावर इकडून तिकडे पाहात राहिली. मीही पाहात होतो. अर्धे मिनिट गेले. एकदम ती म्हणाली, “अंगुस्तान म्हण ना सरळ!” आणि हा शब्द तोंडातून निघाला न निघाला तोच तिचे बोट पडद्यावर टेकले. मेणबत्तीच्या पायथ्याशी होते ते.

मला वाटले, योगायोग. पण पुढच्या आठवड्यात हेच पुन्हा पुन्हा झाले. मी वर्णन करून सांगितलेली वस्तू तिला उशिरा सापडे, नावाने सांगितलेली चटकन. “तेल ओतायला वापरतात ते” म्हटले तर वेळ, “नरसाळे” म्हटले तर झटक्यात. आणि जी नावे मला परकी होती त्या वस्तू मलाही सापडत नसत. ओक झाडाचे फळ मी किती वेळा चुकलो असेन याची गणती नाही. ते समोर असे, पण माझ्या मनात त्याला जागाच नव्हती, कारण ते फळ मी कधी हातात धरले नव्हते.

पुढे मी या विषयावर थोडे वाचले. गॅरी लुपियन आणि डॅनियल स्विंगली या दोघा अमेरिकी संशोधकांचा २०१२ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग माझ्या हाती आला. माणसांना चित्रांच्या गर्दीतून एक ठरावीक वस्तू शोधायला सांगितली. काही वेळा त्यांनी मुकाट्याने शोधायचे, काही वेळा त्या वस्तूचे नाव तोंडाने पुटपुटत शोधायचे. पुटपुटणाऱ्याला वस्तू लवकर सापडते, असे दिसून आले. पण एक अट आहे, आणि ती मला फार महत्त्वाची वाटते. नाव आणि रूप यांची मनात घट्ट गाठ पडलेली असेल तरच पुटपुटण्याचा उपयोग. गाठ सैल असेल तर नुसते नाव घेण्याने अडथळाच होतो. आमच्या घरातल्या बायका “चावी, चावी, चावी” असे म्हणत घरभर फिरतात ते पाहून आपण हसतो. यापुढे हसू नये.

याच ठिकाणी मला एका जुन्या पुस्तकाची आठवण होते. रुडयार्ड किपलिंग १८६५ साली मुंबईत जन्मला. त्याचे वडील तिथल्या जे. जे. कलाशाळेत शिकवीत आणि पुढे ते लाहोरच्या वस्तुसंग्रहालयाचे प्रमुख झाले. त्याच संग्रहालयाच्या दारात १९०१ साली प्रसिद्ध झालेली त्याची ‘किम’ ही कादंबरी सुरू होते. लाहोरकर त्या इमारतीला अजायबघर म्हणत, जसे आम्ही नागपूरकर आमच्या १८६३ साली स्थापन झालेल्या मध्यवर्ती संग्रहालयाला ‘अजब बंगला’ म्हणतो. किपलिंगच्या साम्राज्याभिमानाबद्दल मला प्रेम नाही. पण या कादंबरीत सिमल्याचा एक रत्नव्यापारी हेरगिरी शिकणाऱ्या किमला एक खेळ शिकवतो, तो विसरता येत नाही. ताटात रत्ने मांडायची, क्षणभर पाहू द्यायची, झाकायची, आणि विचारायचे : काय काय होते? किमचे डोळे तीक्ष्ण, तरी दुकानातला एक हिंदू पोरगा त्याला हरवतो. किम रत्नांची संख्या आणि रंग सांगतो. पोरगा प्रत्येक खड्याची जात सांगतो, वजन सांगतो, कोणत्या नीलमण्यात कुठे दोष आहे तेही सांगतो. दोघांनी पाहिले तेच, पण एकापाशी शब्द अधिक होते. बेडन-पॉवेलने हाच खेळ १९०८ साली आपल्या बालवीरांच्या पुस्तकात घेतला आणि तिथून तो जगभरच्या बालवीर-पथकांत गेला. तुमच्यापैकी कोणी शाळेत बालवीर असाल तर रुमालाखाली झाकलेल्या वस्तू आठवायचा खेळ तुम्ही खेळलाही असाल.

तेव्हा माझे पहिले मत असे : हे खेळ डोळ्यांचे म्हणून ओळखले जातात, पण ते निम्मे जिभेचे आहेत. यादी जितकी चांगली तितका खेळ चांगला. आणि बहुतेक खेळ इथेच फसतात. चित्रावर वर्षभर मेहनत घेतलेली असते आणि यादी मात्र कोणीतरी संध्याकाळी घरी जाण्याच्या घाईत केल्यासारखी असते.

दुसरे मत वस्तूच्या जागेविषयी. वाईट खेळात अडगळीच्या खोलीत मासा, टरबूज, तोफेचा गोळा आणि नर्तिकेचा जोडा एकाच फळीवर असतात. कुठलीही वस्तू कुठेही. अशा चित्रात शोधणे म्हणजे कचरा उपसणे. चांगल्या खेळात वस्तू जिथे असायला हवी तिथे, किंवा जिथे कोणीतरी विसरली असेल तिथे असते, आणि तरीही दिसत नाही. मग ती सापडली की नुसता आनंद होत नाही, त्या घरातल्या माणसांविषयी काहीतरी कळते. पलंगाखाली एकच लहान मोजा सापडला, की त्या घरात मूल होते हे कोणी न सांगता समजते.

या कसोटीला उतरलेला माझ्या पाहण्यातला सर्वांत चांगला खेळ म्हणजे २०१७ सालचा ‘हिडन फोक्स’. आद्रियान द योंग आणि सिल्व्हँ तग्रोग या दोघांनी तो केला. हाताने काढलेली, रंग न भरलेली चित्रे. जंगल, शेत, कारखाना, शहर, आणि त्यांत मुंगीएवढी शेकडो माणसे. झाडीवर बोट ठेवले की झाडी हलते, दार उघडते, आणि त्या वेळचे आवाज सगळे माणसाने तोंडानेच काढलेले. यात नुसती नावांची यादी नाही. प्रत्येक लपलेल्या जिवासाठी एक-दोन वाक्ये आहेत, त्याच्या सवयीची, त्याच्या कामाची. ती वाचून तुम्ही तर्क करता, की असा प्राणी असेल तर कुठे असेल? मग तुम्ही पाहता. आधी विचार, मग डोळा. हे दोन माणसांनी मिळून साधले, आणि मोठमोठ्या कंपन्यांना साधत नाही.

कथा असलेल्या साहसी खेळांबद्दल माझी तक्रार थोडी वेगळी आहे. पोलंडमधील ‘आर्टिफेक्स मुंडी’ या संस्थेचे खेळ मी आवडीने खेळतो. त्यांचा २०११ चा ‘एनिग्मॅटिस’ हा खेळ तर दोनदा खेळलो. त्यांची चित्रे सुरेख असतात, कोडीही जमलेली असतात. पण या सबंध जातीलाच एक खोड आहे. नायिका हातोडा शोधते, त्याने एक फळी तोडते, आणि हातोडा झोळीतून आपोआप नाहीसा होतो! पाच मिनिटांनी दुसरी फळी आडवी आली, की आता कुऱ्हाड शोधा. आपल्याकडे पेचकससुद्धा कोणी एकदा वापरून फेकत नाही. शिवाय प्रत्येक कपाटाला कुलूप, आणि कुलपाला भोक कसले, तर मोराच्या आकाराचे. तो चांदीचा मोर तीन तुकड्यांत तीन खोल्यांत विखुरलेला. ज्याने ही हवेली बांधली तो रोज सकाळी साखरेचा डबा कसा काढीत असेल, असा प्रश्न आईने एकदा विचारला होता. मला उत्तर देता आले नाही.

हिंटच्या बटनाविषयीही बोलले पाहिजे. ते दाबले की हवी ती वस्तू चमकते. काही लोक याला लबाडी समजतात. मी समजत नाही. विद्यार्थ्याला कुठे अडले हे कळल्यावर एक शब्द सुचवणे यात मास्तराचे काही बिघडत नाही. जुन्या खेळांत हे बटन एकदा दाबले की पुन्हा भरून येण्यास वेळ लागे, आणि उगाच भराभर कुठेही बोटे मारली तर खेळ थोडा वेळ तुम्हाला अडवून धरी. दोन्ही गोष्टी मला न्याय्य वाटतात. आधी पाहा, मग बोट उचला.

पण अलीकडे या व्यवहाराचे रूपच पालटले. पूर्वी एक तासभर खेळ फुकट चाखायचा, आवडला तर पैसे मोजून विकत घ्यायचा, आणि तो तुमचा झाला. त्याला सुरुवात होती तसा शेवटही होता. नाहीशी झालेली मुलगी शेवटी सापडे आणि आपण संगणक बंद करून जेवायला उठत असू. २०१२ साली फेसबुकवर ‘क्रिमिनल केस’ हा पॅरिसच्या कंपनीचा खेळ आला, आणि २०१७ मध्ये बर्लिनच्या ‘वूगा’ कंपनीचा ‘जून्स जर्नी’. हे फुकट. चित्रे उत्तम, विशेषतः ‘जून्स जर्नी’मधली १९२० च्या दशकातली घरे पाहात राहावीत अशी. पण इथे ‘ऊर्जा’ नावाचे एक नाणे असते. प्रत्येक चित्राला ती खर्च होते, संपली की थांबा नाहीतर पैसे भरा. पुढचा अध्याय उघडण्यासाठी तेच चित्र पुन्हा पुन्हा खेळून तारे मिळवावे लागतात. आणि या कथांना शेवट नाही. शेवट केला तर दुकान बंद होईल ना!

तुम्ही म्हणाल, किमला हरवणारा तो पोरगाही तोच खेळ पुन्हा पुन्हा खेळूनच तरबेज झाला होता. खरे आहे. पण त्याच्या ताटातले खडे रोज बदलत, आणि त्याचे पाहणे दर वेळी अधिक बारीक होई. इथे चित्र तेच, वस्तूंच्या जागा बहुतेक त्याच. दहाव्या वेळी तुम्ही पाहातच नाही, पाठ म्हणता. परीक्षेच्या आदल्या रात्री गाइड पाठ करणारा विद्यार्थी आणि हा खेळाडू यांत मला फरक दिसत नाही. आणि मी हे वरून उपदेश म्हणून सांगत नाही. एका फुकट खेळात, त्याचे नाव सांगत नाही, मी एका महिन्यात ऊर्जेपायी जेवढे पैसे भरले तेवढ्यात दोन चांगले शब्दकोश आले असते. घरात हे अजून कोणाला माहीत नाही. ही पुस्तिका घरी येईल तेव्हा कळेल.

आता आमच्या घरातल्या मराठी यादीकडे येतो. इंग्रजी यादी मराठीत सांगता सांगता फार गमती झाल्या. एकदा यादीत जहाजाचा नांगर होता. मी म्हणालो, “नांगर.” आई शेताच्या चित्रासारखी बैल आणि जू शोधू लागली, समुद्रापासून शेकडो मैल दूर असलेल्या नागपुरात नांगर म्हटल्यावर दुसरे काय डोळ्यांपुढे येणार! इंग्रजी खेळांत असे द्व्यर्थी शब्द मुद्दाम घालतात, ते खेळाडूला चकवण्यासाठी. मराठीत तर याची खाणच आहे. नुसते ‘पान’ घ्या : झाडाचे, वहीचे, विड्याचे, जेवणाचे. ‘गुंडी’ घ्या. सदऱ्याला लावायचीही गुंडी आणि पाणी भरायचीही गुंडी. ‘गंज’ म्हटले की पुण्याचा माणूस लोखंडावरचा तांबूस थर शोधेल आणि आमच्याकडचा माणूस भाजी शिजवायचे भांडे. आम्ही ज्याला सराटा म्हणतो ते पुणेकराचे उलथणे. एकच चित्र, पण नागपूरची यादी वेगळी आणि पुण्याची वेगळी. मी खेळलेल्या एकाही खेळात मला मराठी यादी मिळाली नाही. कोणी केली तर त्याला शब्द बाहेरून आणावे लागणार नाहीत, एवढे मात्र नक्की.

हे सर्व पाहून आई एकदा म्हणाली, “ही तर भुलाबाईच्या खिरापतीची गत झाली.” ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो. भाद्रपदातल्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत विदर्भात घरोघरी भुलाबाई बसते. संध्याकाळी मुली जमतात, गाणी म्हणतात, आणि शेवटी ज्या घरी गाणी झाली त्या घरची बाई झाकलेला डबा पुढे आणते. आत खिरापत असते. ती काय आहे हे ओळखल्याशिवाय मिळत नाही. मुली डबा हलवून आवाज ऐकतात, गोड की तिखट असे विचारतात, आणि मग एकामागून एक नावांचा पाऊस पाडतात. यजमानीण बाई कोणाच्या ध्यानीमनी नसलेला पदार्थ करायला धडपडते. आई सांगते, त्यांच्या गल्लीत एक मुलगी नेहमी जिंकायची. तिचे कान तीक्ष्ण होते म्हणून नव्हे. तिची आजी पाच-सहा गावांतून राहून आलेली असल्यामुळे तिला पदार्थांची नावे सर्वांहून जास्त येत होती.

त्यावरूनच आमच्या घरी नवा खेळ सुरू झाला. माझी मुलगी सातवीत आहे. तिने आणि आजीने माळ्यावरची ट्रंक उघडली, आणि एका मोठ्या परातीत निघेल ते मांडले. अडकित्ता, खलाचा बत्ता, कंदिलाची काच, चिमटा, फुंकणी, करंज्या कापायचे कातणे, शेराचे माप. मुलीने मोबाइलवर परातीचे चित्र काढले आणि खाली मराठीत यादी लिहायला घेतली. निम्म्या वस्तूंची नावे तिला येत नव्हती, चारेक मला येत नव्हती. एक पितळी पक्षी निघाला, पोटाखाली खरखरीत. मुलगी त्याला खेळणे समजली. “वज्री आहे ती,” आजी म्हणाली, “पाय घासायची.” त्यानंतर तासभर घरात सगळ्यांचे पाय घासून झाले.

पुण्याला दिनकर केळकरांनी उभे केलेले राजा केळकर संग्रहालय ज्यांनी पाहिले असेल, त्यांनी अशा वज्र्या आणि अडकित्ते रांगेने पाहिले असतील. केळकर (१८९६-१९९०) खेडोपाडी फिरून दिवे, कुलपे, स्वयंपाकाची भांडी गोळा करीत राहिले, अकाली गेलेल्या आपल्या मुलाच्या, राजाच्या, स्मरणार्थ. वीस हजारांहून अधिक वस्तूंचा तो संग्रह पुढे त्यांनी महाराष्ट्र शासनाला दिला. मी तिथे गेलो तेव्हा वस्तूंपेक्षा त्यांच्याखालच्या चिठ्ठ्या जास्त वेळ वाचीत होतो. चिठ्ठी वाचली की वस्तू दिसे. न वाचता पुढे गेलो की ती काचेमागे असूनही नसल्यासारखी होई.

आमच्या परातीतल्या यादीत आता एकवीस नावे आहेत आणि वस्तू बावीस. बाविसावी वस्तू म्हणजे वीतभर लांबीची लोखंडी सळई. एका टोकाला आकडा, दुसऱ्या टोकाला चपटे, बोथट पाते, आणि मधोमध एक सैल कडी, अडकवण्यासाठी असावी अशी. माझी आजी ती चुलीशेजारी खुंटीला लावीत असे, एवढे आईला आठवते. तिला काय म्हणत, ते आठवत नाही. “सासूबाई हाक मारून मागायच्या रे मला ती, रोज मागायच्या,” असे म्हणून ती दोन दिवस ओठ हलवीत घरात फिरत होती. शब्द काही आला नाही. मुलीने यादीत त्या जागी रेघ ओढून ठेवली आहे. वाचकांपैकी कोणाच्या घरी अशी सळई असेल, आणि घरातल्या कोणा वडीलधाऱ्याला तिचे नाव येत असेल, तर केंद्राच्या पत्त्यावर एक कार्ड टाकून कळवावे.